दुसरं ताट

"बाई, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत हो!" ठसे घेणारी कारकून म्हणाली. काच पुसली, बोटं पुसली, तिसऱ्यांदा दाबली... पडद्यावर नुसते करडे डाग. "दहा दिवसांनी या. तेव्हाही नाही उमटले तर अवघड आहे."

नोएमी बाहेर येऊन बाकावर बसली. बावीस वर्षं ह्यूस्टनच्या खानावळीत भांडी घासता घासता रेषा ब्लीचमध्ये वाहून गेल्या होत्या. दर दीड वर्षाने ठसे घेऊन अमेरिका तिला आणखी थोडं राहू द्यायची. ठसे नाहीत तर कामाच्या परवान्याचं कार्ड नाही, कार्ड नाही तर काम नाही. आणि हे घरी जाऊन सांगायचं कुणाला? एक ताट, एक पेला... त्यांना?

"ब्लीच ना?" शेजारच्या माणसाने विचारलं. तो एल्मर, तिच्यासारखाच एल साल्वादोरहून आलेला. घराशेजारच्या एका मावशीला ठशांसाठी गाडीतून घेऊन आला होता. "खोबरेल चोळा. दहा दिवस पाण्यात हात घालायचा नाही."

"मग भांडी काय तुम्ही घासणार?"

"घासतो की!"

थट्टाच वाटली तिला. पण दुसऱ्या संध्याकाळी, दिवसभर ट्रक चालवून, तो खानावळीच्या मागच्या दारात उभा!

"फुकटचे हात आले, मला काय!" मालकीण म्हणाली.

"बशी अशी धरतात? तान्हं बाळ आहे का ते?" नोएमीने त्याला दटावलं.

"फुटली तर तुम्ही ओरडाल ना..."

नोएमी हसली. किती दिवसांनी — तिलाच आठवेना. घरी मात्र तेच एक ताट. आता ते जास्तच एकटं दिसायचं.

दहाव्या दिवशी पडद्यावर दहाही बोटं रेषांनी भरली. ती धावत बाहेर आली, तर तिला सोडायला आलेला एल्मर बाकावर नाही. तो आतून येत होता, हातात पत्र.

"माझीही ठशांची तारीख आजचीच होती." त्याने हात मागे लपवले. "दहा दिवसांनी या म्हणाले."

तिने ओढूनच हात पुढे घेतले. लालसर, सोललेली बोटं...

"भांडी घासून असं होणार, माहीत होतं तुम्हाला?"

"थोडंसं."

"वेडा आहेस तू!" तिने पर्समधली खोबरेलाची बाटली काढली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्याचं एकेक बोट चोळू लागली. "आता खानावळीत पाऊल टाकायचं नाही."

"मग भेटायचं कुठे?"

ती बराच वेळ करंगळीच चोळत राहिली.

"वाटेत भांड्यांचं दुकान आहे," ती म्हणाली, "एक ताट घ्यायचंय. जेवायला ये... धुवायचं मी बघेन."