कडेवरचं नाव

त्या वर्षी लातुरात पाण्यासाठी बायका पहाटेपासून रांगा लावत होत्या, आणि मी मात्र भर रस्त्यात नखशिखांत भिजले.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेरीच्या पाटीचा रंगसुद्धा अजून नवा दिसायचा. पण पावसानं दगा दिला होता, विहिरी तळाला गेल्या होत्या आणि गल्लोगल्ली टँकर फिरत होते. आमच्या गल्लीत टँकर उभा होता, तेव्हा मी कॉलेजातून परत येत होते. रांगेच्या कडेकडेनं जात असतानाच पाइपाचा जोड सुटला... आणि थंडीच्या दिवसांत डोक्यापासून पायापर्यंत गार पाणी.

"पोरी, हालू नको," माझी घरमालकीण भामाबाई रांगेतून म्हणाली. "तुझ्या पदराखाली घागर लावते."

सगळी रांग हसायला लागली. पाइपाचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलेला एक उंच, सावळा तरुण तेवढा हसत नव्हता. तो माझ्याकडे बघतही नव्हता. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्याकडे बघत होता.

"गेलं की वो घागरभर पानी," तो हळहळला.

"आणि मी?"

तेव्हा कुठं त्यानं मान वर केली. क्षणभर नुसता बघत राहिला.

"तुम्ही... तुम्ही काय, वाळताल."

मला राग यायला हवा होता. आलाही. मात्र माझी पिशवी उलटी झाली होती आणि त्यातल्या रंगीत फिती चिखलात पडल्या होत्या. तो खाली वाकून एकेक फीत उचलायला लागला, तळव्यावर घेऊन अलगद पुसायला लागला, आणि माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना.

"ह्या काही वेणीच्या रिबिनी न्हाईत," तो म्हणाला.

"पदकांच्या फिती आहेत. पुण्याच्या छावणीतल्या शिंप्याकडून मागवल्यात."

"पदकं? तुमची?"

"माझी कुठली? लोकांची. मी गोळा करते. कुणाचं, कुठल्या लढाईतलं, ते शोधून काढते."

खरं तर हा नाद मला नांदेडच्या जुन्या बाजारात लागला. एका भंगारवाल्यानं ताडपत्रीच्या दोरीला वजन म्हणून एक पदक बांधलं होतं. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं होती आणि त्यात आमच्याच समाजातल्या एका शिपायाचं नाव होतं. त्याच्या घरच्यांना मी शोधून काढलं, तेव्हा त्याची लेक ते पदक उराशी धरून किती तरी वेळ बसली होती. त्यानंतर पदक दिसलं की मी आधी त्याची कड बघायची.

लातूरच्या कॉलेजात मी एका वर्षापुरती इतिहास शिकवायला आले होते. नव्या जिल्ह्याचा पहिला सव्वीस जानेवारी तोंडावर आला होता. त्या दिवशी जुन्या सैनिकांचा सत्कार होणार होता, आणि प्रत्येकाच्या पदकाबद्दल चार वाक्यं लिहून ती वाचायचं काम संयोजकांनी माझ्यावर टाकलं होतं.

हे ऐकल्यावर त्याचे डोळे चमकले.

"मग माझ्या आज्याचा तमगा बघाच म्याडम. चांदीचा हाय. पहिल्या म्हायुद्धातला, तिकडं इराकातल्या बसऱ्याचा. मी नरसिंग सोनकांबळे. कचेरीत टंचाईच्या कामावर हाय. परवा टँकर आमच्याच गावाला जायलाय, चाकूरच्या पुढं. येता का?"

"पुन्हा भिजवणार नसाल तर."

"आता पानीच कुठं उरलंय भिजवायला," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. हसताना त्याच्या एका गालावर खळी पडत होती. एकाच.

*

टँकरच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. गुंडप्पा गाडी चालवत होते, मी खिडकीशी आणि नरसिंग मधे. गुंडप्पांचा हात गियरकडे आला की नरसिंगला माझ्याकडे सरकावं लागायचं. आणि त्या सरळसोट रस्त्यावर गुंडप्पा गियर जरा जास्तच बदलत होते.

"तुम्ही इतकी नावं वाचता," नरसिंग म्हणाला, "माझं काय असंल वाटतं? कडेला?"

"तुमच्या कडेला सध्या चिखल आहे."

त्यानं बाहीकडे बघितलं, घाईघाईनं झटकली. गुंडप्पा समोर बघत खोकले.

मग तो आज्याबद्दल सांगत राहिला. आज्याचं नाव भीमा, पण सारं गाव त्यांना तमगेवाले आबा म्हणायचं. निजामाच्या काळात पाटलाच्या दारापुढून आमची माणसं जोडे हातात घेऊन जायची. आबा तमगा लावून, पायात जोडा घालून जायचे, आणि त्यांना कुणी अडवलं नाही. "मी शाळेत गेलो ते आज्याकडं बघून," नरसिंग म्हणाला. "तमगेवाल्याचा नातू अडाणी ऱ्हाऊन कसं जमंल?"

आबा दारातच बसले होते, पांढऱ्या सदऱ्यावर तमगा लावून. वय झालेलं, पण पाठ ताठ. कोंडाबाई आजीनं मला जवळ बसवून गुळाचा चहा दिला. मी तमगा बघायला मागितला, तेव्हा आबांनी तो काढून द्यायला बराच वेळ घेतला.

"म्हातारा झालाय तो," ते म्हणाले. "झिजलाय. काय दिसायचं न्हाई."

मी भिंग काढलं. चांदीचं पदक, एका बाजूला राजाचा मुखडा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. फीत विरून गेलेली. कड मात्र स्वच्छ होती. अक्षरं वाचता वाचता माझा हात थांबला.

मी वर बघितलं. आबा माझ्याकडेच बघत होते. त्या नजरेत काय होतं ते तेव्हा मला कळलं नाही. मी पदक परत दिलं, "छान जपलंय," म्हटलं आणि उठले.

परतताना नरसिंग लहान मुलासारखा विचारत राहिला. "काय लिहिलंय? पलटण कुठली? सांगा की."

सांगायचं टाळता आलं असतं. पण तो इतक्या विश्वासानं विचारत होता, की त्याच्याशी खोटं बोलणं मला जमेना.

"त्यावर आबांचं नाव नाही, नरसिंग. राणू धोंडी नावाच्या शिपायाचं आहे."

त्यानं वळून माझ्याकडे बघितलं.

"म्हंजी माझा आजा लबाड?"

"मी फक्त नाव वाचलं. लबाड म्हटलं नाही..."

"गावानं जन्मभर त्यांना सलाम केलाय, म्याडम."

पुढं लातूर येईपर्यंत तो गुंडप्पांच्या बाजूलाच सरकून बसला. गुंडप्पांनी एकदाही जास्तीचा गियर बदलला नाही.

*

टँकर गल्लीत येत राहिला, पण पाइप दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असायचा. मी उगीचच घागर घेऊन रांगेत उभी राहायची. "तुझं भांडं भरलंय की कधीच," भामाबाई म्हणायची. "कुणाची वाट बघून राहिलीस?"

बाकीच्या सगळ्या सैनिकांबद्दल लिहून झालं होतं. आबांचंही नाव सत्काराच्या यादीत होतं, पण त्यांचं पान तेवढं कोरं होतं. खोटं लिहिणं मला जमणार नव्हतं आणि खरं लिहिलं तर एका म्हाताऱ्या माणसाची मान सगळ्या जिल्ह्यासमोर खाली जाणार होती. शेवटी ठरवलं, आबांना भेटून सांगायचं की सत्काराला येऊ नका, तब्येतीचं कारण द्या. कुणाला काही कळणार नाही. रविवारी मी चाकूरची एसटी धरली.

आबा तिथंच बसले होते. सदऱ्यावर तमगा नव्हता. नरसिंग दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मला बघून तो सरळ झाला.

"यी पोरी," आबा म्हणाले. "तू नाव वाचलंस ते तुझ्या हातावरनंच कळलं मला. ह्यानंबी घरी आल्यावर इचारलं. पन मी म्हनलं, सांगीन तर तिच्याम्होरंच."

मग त्यांनी सांगितलं. लढाईला ते गेले होते ते खरं, पण बंदूक घेऊन नाही. सोलापूरला जाऊन ते हमालांच्या पलटणीत भरती झाले होते. बसऱ्याच्या बंदरात जहाजांवरच्या गोण्या पाठीवरून उतरवल्या, तापानं मेलेल्या सोबत्यांना मातीत ठेवलं. परत आले तेव्हा सरकारनं त्यांनाही तमगा दिला. पण तांब्याचा.

"हिचा बाप निजामाच्या फौजेतला पेन्शनर," आबांनी शेजारी बसलेल्या आजीकडे मान हलवली. "त्यानं बोलून ठिवलेलं, सिपायालाच पोरगी देईन, हमालाला न्हाई. आन मी तर हिला हिरीवर पानी शेंदताना बघितली होती..." ते थांबले. या वयातही जरा लाजले. "नांदेडच्या सराफाकडं असला चांदीचा तमगा होता. घेतला, छातीला लावला आन मागनी घालाया गेलो. विंग्रजी कुनाला येत होतं? मग गावबी मानाया लागलं. एकदा लावलेला तमगा काढायचा कसा, ते कळंना झालं."

"आणि तुमचा तांब्याचा?" मी विचारलं.

"लग्नाच्या पुढल्याच सालात फेकला उकिरड्यावर. लाज वाटायची."

कोंडाबाई आजी ऐकत होत्या. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, आत गेल्या. उतरंडीची मडकी एकेक करून खाली उतरवल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चिंधीची एक लहानशी पुरचुंडी होती.

"ह्ये बी वाच, बाई."

चिंधीत काळवंडलेलं तांब्याचं पदक होतं. मी ते खिडकीपाशी नेलं. नरसिंग जवळ आला आणि पदक उजेडात स्थिर राहावं म्हणून त्यानं खालून माझं मनगट धरलं. कडेवर अक्षरं होती.

"भीमा सटवा," मी वाचलं. "हमाल पलटण."

आबा आजीकडे बघतच राहिले.

"राख टाकाया गेले तवा दिसलं," आजी म्हणाल्या. "फुडं शाळेत आलेल्या बसलिंगप्पा मास्तराकडून वाचून घेतलं, कुनाला न सांगायची शपथ घालून. तुमचं नाव हाय म्हनले. मग कसं टाकू?"

"तुला पहिल्यापासनं ठावं हुतं?"

"बापाला फसवलाव, मला न्हाई. तुमच्या पाठीवर गोण्यांचे घट्टे हुते, ते मला दिसणार न्हाईत?"

"मंग बोलली न्हाईस कदी?"

"चांदीचा लावून लई ऐटीत चालायचाव," आजी म्हणाल्या. "बघाया बरं वाटायचं."

आबांनी पदक हातात घेतलं. अंगठा कडेवरून फिरवत राहिले, जणू बोटानं वाचता येईल. नरसिंग त्यांच्या पायाशी खाली बसला आणि आबांच्या गुडघ्यावर त्यानं डोकं टेकवलं.

"आबा," मी म्हटलं, "चांदीची पदकं मी ढिगानं बघितलीत. ह्या तांब्याच्या पदकाबद्दल फक्त पुस्तकात वाचलं होतं. हमालांना मिळालेली ही पदकं लोकांनी वितळवून भांडी केली. आज पहिल्यांदा हातात धरतेय. सव्वीस तारखेला हेच लावून याल?"

आबांनी नातवाकडे बघितलं. नरसिंग म्हणाला, "मी आनतो तुम्हाला. टँकरच्या पुढच्या सीटवर बसवून."

*

सव्वीस जानेवारीला आबा तांब्याचं पदक लावून आले. नवी फीत मीच शिवली होती; मधे नारिंगी, मग पांढरी, काळी आणि कडेला निळी. मी त्यांच्याबद्दल वाचलं ते खरं तेच वाचलं, बसऱ्याचं बंदर, पाठीवरच्या गोण्या, मातीत ठेवलेले सोबती. टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि मग थांबेनात. गावचे एक म्हातारे, शेषेराव, मंडपातच त्यांना अडवून म्हणाले, "चांदीचा कुठंय, आबा?"

"तो दुसऱ्याचा हुता," आबा म्हणाले. "ह्यो माझा हाय." शेषेरावांनी तांब्याचं पदक निरखून बघितलं आणि नेहमीसारखा सलाम केला.

राणू धोंडीचं पदक आबांनी माझ्याकडे दिलं. त्याचं घर शोधायचं होतं.

त्या शनिवारी मी नांदेडला, घरी निघाले. नरसिंग बॅग घेऊन बसस्टँडवर आला. बॅग वर ठेवायला बसमध्ये चढला आणि ठेवून झाल्यावरही माझ्या सीटपाशी उभाच राहिला.

"त्या राणू धोंडीचं घर शोधायला... मी आलो तर चालंल?"

"वर्ष लागेल कदाचित."

"लागू द्या की."

"एप्रिलनंतर मी लातुरात नसेन. नांदेडला असेन."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "नांदेडला टँकर लागतेत का वो?"

"गोदावरी आहे तिथं."

"मग माझ्यासारख्याला तिथं काय काम..." त्यानं सीटची दांडी घट्ट धरली. "आज्यानं आजीसाठी दुसऱ्याचं नाव लावलं. माझ्याकडं लावायला काहीच न्हाई. टंचाईची नोकरी हाय, तीबी पाऊस पडला की संपंल. तरी इचारतो... पंचशीला, माझ्यासंगं ऱ्हाशील?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं माझं नाव घेतलं होतं. त्याच्या बाहीला आजही चिखल लागला होता. मी तो हळूच झटकला आणि हात तिथंच राहू दिला.

"पुढच्या रविवारी घरी ये," मी म्हटलं. "आणि आबा-आजीलाही घेऊन ये."

"त्यांना कशाला येवढ्या लांब?"

"मग बोलणी कोण करणार? तू?"

कळायला त्याला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा गालावर खळी पडली. तेवढ्यात घंटी वाजली, बस हलली आणि तो उतरायचं विसरून तसाच उभा राहिला. स्टँड मागं पडला, लातूर मागं पडलं. कंडक्टर जवळ आला.

"कुठलं तिकीट, पाव्हणं?"

नरसिंगनं माझ्याकडे बघितलं.

"ह्यांना चाकूर द्या," मी म्हटलं. "नांदेडचं रविवारी काढतील."