तोडलेली वेल

“बाई, तुम्ही पहिल्यापासूनच एवढ्या बुटक्या होतात का?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून विचारलं. नाहीतर मी इतकी आगाऊ नाही. (बरं, थोडी आहे.) शनिवारच्या चित्रवर्गात आम्ही चौघी. मी सगळ्यांत उंच, म्हणून माझं नाव ‘शिडी’. आणि बाई माझ्या कोपरापर्यंत येतात. स्टुलावर चढून रंगवतात.

मैत्रिणी तोंडावर हात दाबून खुसखुसल्या. बाई रागावल्या नाहीत.

“नाही,” म्हणाल्या, आणि ब्रश धुवायला गेल्या.

बाईंची चित्रं नुसत्या रंगांची नसतात. कॅनव्हासवर झाडाची साल, माती, शेवाळ, पानं चिकटवायची, वर शाई, त्यावर पातळ रंग. नियम एकच: पडलेलंच घ्यायचं, तोडायचं नाही. पण लवकरच मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, त्यात आमच्या वर्गातून एकच चित्र घेणार होते, आणि ते माझंच असायला हवं होतं. मला कशात तरी गती आहे, हे आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं हो! पडलेली पानं मात्र सगळी तपकिरी, मरगळलेली. मागच्या भिंतीवर हिरवीगार वेल होती. वीतभर कापली, चिकटवली. कुणाला पत्ता लागू दिला नाही.

पुढच्या शनिवारी वेल तशीच हिरवी. आणि चौकटीच्या बाहेर आलेली. मी पट्टी लावली. दोन सेंटिमीटर.

चिकटवताना सरकली असेल, मी मनाशी म्हटलं.

सोमवारी शाळेत तपासणी होती. नर्सने माझी उंची घेतली, कार्ड पाहिलं, परत घेतली.

“अगं, नीट उभी राहा. दोन सेंटिमीटर कमी भरतेस!”

“शिडीची पायरी निखळली!” एक मैत्रीण म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग मी दर आठवड्याला मोजायला लागले. वेल पाचने वाढली, मी पाचने घटले. मग नऊ. आईने गेल्याच महिन्यात शाळेच्या पँटची दुमड उसवून ती लांब केली होती. आता ती टाचेखाली यायची.

बाईंनी चित्र पाहिलं. एका पानाला बोट लावलं.

“तोडलीस ना?”

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण मान आपोआप हलली.

“आजच्या आज सोलून काढ. मग थांबतं.”

“आणि गेलेलं परत येतं?”

“नाही.”

“मग तुम्ही का नाही काढलंत?”

बाईंनी मागे वळून पाहिलं. त्यांचं मोठं चित्र अख्खी भिंत व्यापून छताकडे वळलं होतं. त्यातली पानं हलत होती. खिडक्या बंद होत्या.

“बघ ना,” त्या म्हणाल्या, “किती सुंदर झालंय.”

वेडी बाई, मला वाटलं. मी सुरी घेतली.

वेलीला नवं पान फुटलं होतं.

नखाएवढं. ओलं.

असं पान मला कधीच रंगवता आलं नसतं.

मी सुरी जागेवर ठेवली.

त्यानंतर बरेच शनिवार गेले, वेल चौकटीबाहेर हातभर लांब झाली, आणि काल निकाल लागला. माझंच चित्र निवडलं. संध्याकाळी आम्ही तिघं टेबलापाशी बसलो होतो. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. आई माझ्याकडे एकटक बघत होती, आणि बाबा तिसऱ्या डॉक्टरांना फोन लावत होते.

“बाबा, फोन ठेवा ना,” मी म्हटलं. “आई, तूही ऐक. मी आता कुठल्याच डॉक्टरकडे येणार नाही. आणि प्रदर्शन संपल्यावरही ती वेल काढणार नाही. माझं ठरलंय. चित्र अजून पूर्ण व्हायचंय.”