गाडीखालची हाक

फौजेतून परतल्यावर वीरधवलनं रहिमतपूरहून एक जुनी फियाट आणली. तिचे मालक इंद्रजित वारले होते. त्यांच्या बायकोनं, संयोगितानं, चावी हातात ठेवली आणि गाडी फाटकाबाहेर पडायच्या आतच दार लावून घेतलं.

पलूसला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुरुस्ती सुरू झाली. शिकवणारं कुणी नव्हतं; चुकाच गुरू. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं, मनगट भाजलं. बोल्ट जास्त आवळला, तो आतच मोडला. एकदा भुसभुशीत मातीत जॅक कलंडला आणि गाडी दाणकन खाली आली. नशीब, खाली कुणी नव्हतं. तेव्हापासून त्यानं बाभळीचे ठोकळे करून घेतले. ते लावल्याशिवाय गाडीखाली बोटसुद्धा घालायचं नाही.

त्या दिवशी त्याची बायको क्रांती कुंडलला बहिणीकडे गेली होती. उन्हं कलली होती. उसाच्या गाड्या निघून गेल्यावर रस्ता शांत पडला होता, हवेत साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास साचला होता. वीरधवलनं जॅकवर गाडी उचलली, मागचं चाक काढलं आणि ठोकळा हातात घेतला.

"आवं..."

आवाज गाडीखालून आला. क्रांतीचाच.

"आवं, हात अडकलाय माझा... वढा की."

"क्रांती? तू कवा आलीस?... आन् खाली कशाला गेलीस गं?"

"लय दुखतंय वो... बिगीनं."

त्या विव्हळण्यापुढं त्याला दुसरं काही सुचलंच नाही. तो पालथा पडला, हात आत घातला. अंधारात काही दिसेना. गार, ओल्या बोटांनी त्याचं मनगट धरलं. ओढायचं त्यानं होतं. ओढला जात होता तोच. खांदा आत गेला. डोकं आत गेलं. दुसऱ्या हातातला ठोकळा त्यानं निव्वळ सवयीनं पुढं सारला...

जॅक सुटला. सगळं वजन बाभळीवर कडाडून आदळलं. छाती वाचली. ठोकळ्यावरची उजव्या हाताची दोन बोटं मात्र चेंदामेंदा झाली. खाली दुसरं कुणीच नव्हतं.

दवाखान्यातून आल्यावर त्यानं संयोगिताला फोन लावला. गाडीखाली बोटं चेंगरल्याचं सांगितलं.

"तुमालाबी हाक आली व्हय?" ती हळूच म्हणाली. "आमचं मालक माझ्याच हाकंवर खाली गेलं... आन् मी तवा चुलीपुढं हुते वो."

कुंडलहून परतलेल्या क्रांतीला वीरधवलनं सगळं सांगितलं. तिनं शेडला कुलूप घातलं. उद्याच गाडी भंगारात द्यायची, असं ठरलं.

दिवेलागणीला ती त्याच्या शेजारी बसून त्याला भात भरवत होती. तेवढ्यात बंद शेडमधून हाक आली.

"क्रांती... जरा उजेडाला बॅटरी घिऊन ये गं."

आवाज वीरधवलचा होता.

तिच्या हातातला घास तसाच राहिला. ती त्याच्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिली.

"तुमी... तुमी काय म्हणालासा?"

त्यानं 'न्हाई' म्हणायला तोंड उघडलं. त्यातून आवाजच निघाला नाही; 'न्हाई' ऐकू आलं ते शेडमधून.