चारशे बारावी ओळ

शेवटच्या साध्यासुध्या दिवशी बापलेकीची वादावादी झाली ती एका शब्दावरून. आणि तो शब्दही अशा भाषेतला, जी दोघांपैकी एकालाही धड बोलता येत नव्हती.

बाबा सिनेमांची सबटायटल्स लिहायचे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने – ती लेकीची मावशी, नात्याने नव्हे, हक्काने – मिळून एक छोटा चित्रपट महोत्सव सुरू केला होता. विषय एकच, श्रद्धा. बाबांचा स्वतःचा देवाबिवावर विश्वास नव्हता. मग हा उद्योग कशाला, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, “तीनशे माणसं अंधारात एकाच दिशेला तोंड करून दोन तास गप्प बसतात. ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मला ते बघायला आवडतं.”

त्या वर्षीचा उद्घाटनाचा सिनेमा कुठल्याशा दूरच्या बेटावरचा, जुना, काळापांढरा होता. एक म्हातारी रोज प्रार्थनाघराच्या पायरीवर येऊन बसते. तिचा नवरा समुद्रात गेला तो आलेला नाही. गावात नव्याने आलेला तरुण धर्मगुरू तिला विचारतो, आजी, रोज इथे बसून काय करता? ती एका शब्दात उत्तर देते. सबटायटल्सच्या यादीत ती ओळ चारशे बारावी. अडचण अशी, की त्या बेटावरच्या भाषेत प्रार्थना करणं आणि वाट पाहणं ह्यांना एकच क्रियापद होतं.

“‘प्रार्थना करते’ लिहा आणि मोकळे व्हा,” लेक जेवणाच्या टेबलावरून म्हणाली. तीही हेच काम करायची. बाबांच्याच हाताखाली शिकलेली.

“मग वाट पाहणं गेलं.”

“मग ‘वाट पाहते’ लिहा.”

“मग देव गेला.”

“तुमचा होता कुठे एवढा?”

“माझा नाही गं, तिचा आहे ना.”

“‘धावा करते’?”

“पायरीवर बसलीय ती. धावतेय कुठे?”

“‘आळवते’?”

“लोकांना वाटेल, आता गाणार.” बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. “तू सांग ना काहीतरी. तुझ्या मनात आहे, मला दिसतंय.”

“मला वाटतं…” ती म्हणाली, आणि भांडी उचलून आत गेली.

“बघा, दिला कॉमा,” बाबा मागून म्हणाले. अर्ध्यावर वाक्य सोडून उठायच्या सवयीमुळे त्यांनी तिचं नावच कॉमा ठेवलं होतं. ओळ रिकामी राहिली. उद्या बघू, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्यांनी नेहमीसारखं “येतो” म्हटलं. तिने मान वर न करता “हं” म्हटलं. अकराच्या सुमारास महोत्सवाच्या ऑफिसात, पत्रिकेची प्रुफं तपासता तपासता, बाबांनी खुर्चीत मान मागे टेकली. मावशी चहा घेऊन आल्या तेव्हा ते गेलेले होते.

*

दोन आठवड्यांनी दुपारी दाराची बेल वाजली. दारात एक उंच माणूस उभा होता. एका हातात टपटपणारी छत्री, दुसऱ्या हातात राखाडी पेटी.

“तुम्ही कॉमा असणार,” तो हसून म्हणाला.

बाबांनंतर त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. तिचा हात कडीवरच राहिला.

“सॉरी… फोनवर तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय, की… सबटायटल्सचं मशीन चालवतो मी. आज उतरतो, असं महिन्यापूर्वीच ठरलं होतं. बाबा आहेत?”

“नाहीत.”

“अच्छा. मग थांबतो.”

‘नाहीत’. आपल्या भाषेतला हा एक साधा शब्द. बाहेर गेलेल्यालाही तोच, आणि कायमच्या गेलेल्यालाही तोच. हा माणूस तीन आठवडे फिरतीवर होता आणि मावशींचा निरोप त्याला पोचला नव्हता, हे तिला तेव्हा कुठे माहीत होतं. सांगायला म्हणून तिने श्वास घेतला खरा, पण शब्द आले नाहीत. “पाणी गळतंय, घर ओलं होईल,” असं म्हणत तो जिन्याच्या पायरीवर बसलासुद्धा, झोपलेलं मूल घ्यावं तशी पेटी मांडीवर घेऊन.

तिने दार लावलं आणि दाराच्या भिंगाला डोळा लावला.

तो बसून होता. त्याने फोन काढला नाही, घड्याळ पाहिलं नाही. खाली कुणाच्या पावलांचा आवाज आला की मान वर करायचा. पावलं पहिल्या मजल्यावर थांबली की पुन्हा पेटीवर हात ठेवून बसायचा. बाबा आत्ता येतील ह्याबद्दल त्याला जराही शंका नव्हती. ती पाहत राहिली. तो जोवर तिथे बसलाय तोवर बाबा कुठल्याही क्षणी जिना चढून येऊ शकतात, असं तिला वाटायला लागलं. वेडेपणा होता, कळत होतं. पण दोन आठवड्यांत पहिल्यांदाच तिला पुरता श्वास घेता आला.

सव्वा तासाने तिने चहाचे दोन कप घेऊन दार उघडलं.

“ते येणार नाहीत,” ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग आतल्या खोलीकडे, जिथे बाबांची खुर्ची टेबलापासून दूर सरकवून ठेवलेली होती. त्याला कळलं. कप हातात घेत तो म्हणाला, “अजून पाच मिनिटं बसलो तर चालेल?”

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. दोघांनी चहा प्यायला. जिन्यावर कुणी आलं नाही.

*

मग आठवडाभर सकाळी दहाला तो यायचा. मावशी त्याला बटणराव म्हणायच्या, कारण त्याचं सगळं काम एका बटणावर होतं. सिनेमा जुन्या रिळांवरचा. रिळं ठिकठिकाणी तुटून जोडलेली, त्यामुळे सेकंदांचा हिशेब जुळायचा नाही. ओळी दुसऱ्या यंत्रातून पडद्याखाली पडायच्या, आणि प्रत्येक ओळीला त्याला हाताने बटण दाबावं लागायचं. एकूण नऊशे साठ वेळा.

“पण तुम्हाला ती भाषा येत नाही,” ती म्हणाली.

“एकही शब्द नाही.”

“मग कधी दाबायचं हे कळतं कसं?”

“श्वासावरून.” त्याने लॅपटॉपवर तालमीची फिल्म लावली. “ही बघा. बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो. खोटं बोलणारा लहान घेतो, रागावलेला नाकाने घेतो. म्हातारीचा आधी खांद्यात दिसतो… हा… आत्ता.” त्याचा अंगठा हलला, आणि त्याच क्षणी म्हातारी बोलली.

ती चकित होऊन बघत राहिली. बारा वर्षं ती लोकांची वाक्यं तोलत होती, आणि त्या वाक्यांच्या आधीची ही जागा तिला कधी दिसलीच नव्हती.

“सवय वाईट आहे तशी,” तो म्हणाला. “माणसांकडे बघतानाही तेच होतं. तुम्ही, उदाहरणार्थ… सकाळपासून चार वेळा श्वास घेतलात. ओळ एकदाही आली नाही.”

“मोजता की काय?”

“दुसरं येतं काय मला?”

“स्क्रीनकडे बघा,” ती म्हणाली. पण कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, आणि ते दिसत असणार हेही तिला ठाऊक होतं.

मावशी एकदा डोकावून गेल्या. “बटणराव, तुमचं मशीन आमच्या ऑफिसात, आणि तुम्ही मात्र इथे ह्या टेबलावर. वायर बरीच लांब दिसते.”

“वायरलेस आहे, मावशी.”

“ते दिसतंच आहे,” मावशी म्हणाल्या आणि बिस्किटं घेऊन गेल्या.

चारशे बारावी ओळ काही भरत नव्हती. रिकामी ठेवायचीही सोय नव्हती. यंत्राला रिकामी ओळ दिसत नाही, ते सरळ पुढच्या ओळीवर उडी मारतं, आणि मग धर्मगुरूच्या तोंडी म्हातारीचे बोल आणि म्हातारीच्या तोंडी मासळीचा भाव, असं शेवटपर्यंत चालू राहतं. “तात्पुरतं काहीतरी लिहून ठेवा,” तो म्हणाला. “बाबा ‘अबक’ लिहायचे.”

गुरुवारी दुपारी पेटीचे पट्टे घट्ट करता करता तो म्हणाला, “रिळांवरचा सिनेमा तुमच्याकडे हा एकच. शनिवारी खेळ संपला की संध्याकाळच्या गाडीने पुढच्या महोत्सवाला. मग त्याच्या पुढच्या. आठ महिने असंच.” मग थोडं थांबून, “काही म्हणत होतात?”

“नाही.”

तो खाली पेनड्राइव्ह आणायला गेला. ती स्क्रीनसमोर बसली होती. चारशे बारा क्रमांकापुढे तिने बाबांसारखंच लिहून ठेवलेलं ‘अबक’ होतं. तिने ते पुसलं आणि तिथे टाइप केलं – जाऊ नका.

कुणाला लिहिलं, हे त्या वेळी तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. उद्या बदलू, असं म्हणून तिने फाइल सेव्ह केली.

शुक्रवारी सकाळी तिने मन घट्ट करून ‘वाट पाहते’ लिहिलं आणि फाइल त्याला मेल केली. इथेच घोळ झाला. बाबांनी फाइलींना नावं देऊन ठेवली होती: ‘अंतिम’, ‘खरंच अंतिम’, ‘हेच अंतिम’. तिने दुरुस्ती केली ‘हेच अंतिम’मध्ये, आणि पाठवली गुरुवारची ‘खरंच अंतिम’.

*

शनिवारी चारला सभागृह भरलं. पहिल्या रांगेत दोन वृद्ध संन्यासिनी होत्या, त्यांच्या शेजारी जन्मभर देव न मानलेले एक प्राध्यापक. मावशींनी भाषण केलं नाही. बाबांचा नियमच होता, सिनेमाच्या आधी कुणी देवाबद्दल बोलायचं नाही. दिवे गेले.

ती शेवटच्या रांगेत, त्याच्या यंत्राजवळच्या खुर्चीत बसली होती. अंधारात त्याचा अंगठा तेवढा दिसत होता. तीनशे माणसांना कळणारा प्रत्येक शब्द त्या अंगठ्याखालून जात होता, आणि तो इतक्या हलकेच हलत होता, जणू कुणाची झोप मोडायची नव्हती.

धर्मगुरूने विचारलं. म्हातारीने मान वर केली. तिच्या खांद्यात श्वास आला.

पडद्याखाली अक्षरं उमटली – जाऊ नका.

उठून ओरडावं, यंत्र बंद करावं, काय करावं… ती तशीच बसली. कारण सभागृहात काहीतरी घडत होतं.

म्हातारीचा चेहरा पडद्यावर तसाच राहिला. त्या दृश्यात तो चार मिनिटं राहतो. हे तिला पाठ होतं, प्रत्येक फ्रेम पाठ होती. पण ते दोन शब्द खाली येऊन गेल्यावर तो चेहरा तिने कधी पाहिलेलाच नव्हता. समुद्रात गेलेला नवरा त्यात होता. वरून काहीच न बोलणारा तो, तोही होता. कुणाला म्हणतेय ही? सगळ्यांनाच. एकही खुर्ची कुरकुरली नाही. तीनशे माणसं मान वर करून, गप्प. संन्यासिनींपैकी एकीचे ओठ हलत होते. ओळ पुन्हा वाचत होती की आणखी काही करत होती, कोण जाणे. प्राध्यापक पुढे वाकून, दोन्ही तळवे गुडघ्यांमध्ये धरून बसले होते, शाळेतल्या मुलासारखे. हे बघायला बाबा नऊ वर्षं मागच्या रांगेत बसत आले होते. आत्ता कुठे तिला ते दिसलं.

*

खेळ संपला तसा मावशींनी तिला गाठून तिची हनुवटी धरली. “काय गं पोरी. तुझ्या बाबाला चार महिने सुचलं नाही. देवही राहिला, नवराही राहिला. कुठून आणलंस?”

“असंच,” ती म्हणाली.

प्राध्यापक हात मिळवून गेले. संन्यासिनी काही न बोलता तिच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. मग माणसं पांगली, दिवे लागले, पडदा पांढराफटक झाला. मागे तो वायरी गुंडाळत होता.

“काल तालमीत पहिल्यांदा वाचलं ना, तेव्हा हात थांबला माझा,” तो म्हणाला. “म्हटलं, सापडलं हिला. इतकं चोख भाषांतर मी तरी पाहिलेलं नाही.”

म्हणजे ह्यालाही कळलेलं नव्हतं. नुसतं “थँक्यू” म्हटलं असतं तरी सगळं जागच्या जागी बसलं असतं. बाबांची ओळ भरली होती, सिनेमा गाजला होता, ह्याची गाडी वेळेवर होती. तिला लपायला एक अख्खी म्हातारी मिळाली होती.

त्याने पेटी बंद केली. “चला… निघतो मग.”

“ते भाषांतर नव्हतं,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“मूळ होतं. माझं. तुम्ही पेनड्राइव्ह आणायला गेला होतात तेव्हा लिहिलं. बदलायचं होतं, आणि मी चुकीची फाइल पाठवली.”

त्याने श्वाससुद्धा घेतला की नाही, सांगता यायचं नाही.

“कुणासाठी लिहिलं?” त्याने शेवटी हळूच विचारलं.

ती पडद्याकडे वळली. तिथे आता कुणी नव्हतं. रिकाम्या सभागृहात तिला स्वतःचाच आवाज ओळखीचा वाटला नाही, इतका तो स्पष्ट होता.

“जाऊ नका, बाबा,” ती म्हणाली.

मग तिने डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं.

“आणि तुम्हीही जाऊ नका.”