कोणी नाही, लावा

कुलूप लावण्याआधी हाक मारायची, हा आमच्या कामातला नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडणारा मिस्त्री मी तरी पाहिला नाही. सरकारी इमारतीची दारं जाड, लोखंडी. एकदा बंद झाली की आतल्या माणसाने घसा फोडून घेतला तरी बाहेर चकार शब्द येत नाही. म्हणून उंबऱ्यात उभं राहून विचारायचं, "लावतोय हो, कोणी आहे का आत?" मग जरा कान द्यायचा आणि मगच किल्ली फिरवायची.

त्या इमारतीतली सगळी कुलपं माझ्या हाताखाली होती, फाटकापासून साहेबांच्या कपाटापर्यंत. माझी लेकही तिथेच, वरच्या मजल्यावर कारकून. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना. संध्याकाळी ती फाटकाशी थांबायची, मी दारं लावून यायचो आणि उशीर केला म्हणून वाटभर तिची बोलणी खायचो. मला ती बोलणी आवडायची.

तळघरात जुन्या फायलींची खोली होती. तिचं कुलूप कुरकुरायला लागलं, म्हणून एका संध्याकाळी मी ते खोललं, साफ केलं, तेल दिलं, परत बसवलं. किल्ली अशी फिरली की मीच माझ्यावर खूश झालो. त्या खोलीच्या दिव्याचं बटण दाराबाहेर आहे. बटणावर बोट ठेवून मी सवयीने हाक मारली.

"कोणी नाही. लावा," आतून उत्तर आलं.

मला हसू आलं. पहारेकऱ्याला चेष्टेची भारी हौस. "या बाहेर, महाराज," म्हणत मी आत गेलो आणि फायलींच्या रांगा पालथ्या घातल्या. कोणी नव्हतं. ओलसर कागदांचा वास होता, आणि त्यात कुलपाच्या तेलाचा. तो माझ्याच हातांचा असणार. आवाज मात्र ओळखीचा होता. नाव अगदी जिभेवर होतं, पण काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. शांत, कामाला कंटाळलेला आवाज. "कोणी नाही. लावा." मी कोणाला सांगितलं नाही. निवृत्तीला आलेल्या माणसाने असलं काही सांगितलं की लोक कान तपासून घ्यायला सांगतात. रोज शोधायचो, रोज खोली रिकामी. पुढे शोधणंही सुटलं. भीती मेली म्हणा ना. खरं सांगू? इतकी वर्षं रिकाम्या खोल्यांना हाका मारत आलो, पहिल्यांदाच कोणीतरी ओ देत होतं. बरं वाटायचं.

मग एका संध्याकाळी त्या खोलीतला दिवा चालू होता. लोक विसरतात. मी विचारलं, उत्तर आलं, दिवा घालवला, किल्ली फिरवली आणि वर आलो. फाटकाशी लेक नव्हती.

"ताई?" पहारेकरी म्हणाला. "त्या खाली गेल्या ना, तळघरात. कुठलीशी फाइल हवी होती. तुम्हाला भेटल्या नाहीत?"

मी तसाच मागे वळलो. जिना कसा उतरलो ते आठवत नाही. जन्मभर कुलपं उघडलेल्या या हातांना भोकात किल्ली घालता येईना.

दार उघडलं तेव्हा ती चौकटीला चिकटून उभी होती. रडत नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून मागच्या अंधाराकडे पाहिलं.

"बाबा... तुम्ही आत होतात ना?"

"मी बाहेर होतो, बाळा. हाक मारली होती मी."

"हाक ऐकली. मी ओरडले, मी आहे म्हणून... तर माझ्या मागून तुम्हीच म्हणालात, कोणी नाही, लावा. मला वाटलं, तुम्ही आतच आहात, दार दुसरंच कोणी लावतंय. म्हणून दिवा गेला तरी मी घाबरले नाही." तिने माझं मनगट घट्ट धरलं. "मग तुम्ही माझ्या शेजारी येऊन उभे राहिलात. किल्ल्या वाजत होत्या. मी बोलत होते तुमच्याशी... इतका वेळ."

तिचं ओरडणं मला ऐकूच आलं नव्हतं, फक्त तो आवाज आला होता. आता मला तो ओळखता आला. फोनमध्ये रेकॉर्ड केलेलं स्वतःचं बोलणं ऐकलं की ते परक्याचं वाटतं, तसं माझं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी गुडघ्यांचं निमित्त सांगून मी किल्ल्यांचा जुडगा परत केला. पुन्हा तेलाच्या डबीला हात लावला नाही. लेकीनेही बदली करून घेतली. आणि घरात एक नियम मी घातला: नुसत्या आवाजावर दार उघडायचं नाही, माझ्याही नाही. मी हाक मारली की ती आतून म्हणते, "बाबा, खिडकीत या." मी दाराशेजारच्या खिडकीत जातो, तोंड वेडंवाकडं करून दाखवतो, ती हसते आणि मगच कडी काढते.

परवा दुपारी मी तिला म्हणालो, न्हाव्याकडून दाढी करून येतो. पण आतल्या खोलीत जरा टेकलो आणि डोळा लागला. तिला वाटलं, मी गेलो. जाग आली ती दारावरच्या थापेने. बाहेरून कोणीतरी काहीतरी बोललं.

"बाबा, खिडकीत या ना," लेक म्हणाली.

जरा वेळ गेला. मग ती हसली.

"पुरे, पुरे. दिसलात." आणि कडी सरकली.

मला पुरतं भान येईपर्यंत हे सगळं होऊन गेलं होतं. भिंतीला धरत बाहेर आलो. ती स्वयंपाकघराच्या दारात चहाचं आधण ठेवायला निघाली होती. मला पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

"आत्ता तर इकडे माझ्या मागे होतात. तिकडे कधी गेलात?"

मी बाहेरच्या दाराकडे पाहिलं. तिने ते नीट बंद करून आतून कडी लावून घेतली होती. घरभर कुलपाच्या तेलाचा वास होता.

आत कोणी आहे का, असं विचारायला मी तोंड उघडलं... आणि तसंच मिटलं.