न धुतलेला बॉयलर सूट

रसिका, दार ओढून घे. आर्यन, मोबाईल ठेव बाजूला. आमच्या महिपतच्या बाबतीत घडलेलं आहे, हसण्यावारी नेऊ नका.

महिपत नेव्हीत होता, जहाजाच्या बॉयलर रूममध्ये. वाफेच्या पाइपांवर उष्णता अडवायला ॲस्बेस्टॉसचे पट्टे असायचे. ते सोलायचे, नवे गुंडाळायचे. जहाज गोदीत असलं की हा संध्याकाळी घरी यायचा आणि पांढऱ्या पुडीने भरलेले ते कपडे त्याची बायको गंगुबाई गॅलरीत झटकून धुवायची. महिपत राहिला ठणठणीत, गंगुबाई मात्र फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली. डॉक्टरांनी त्या पुडीचंच नाव घेतलं, तर हा त्यांच्याच अंगावर धावून गेला. माझा मित्र, पण असा हेकट की चीड यायची.

ती गेल्यावर मानपाड्याचं घर बंद करून तो नौपाड्यात मुलाकडे, विनीतकडे राहायला आला. पौष अमावास्या होती, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी जहाजावरच्या जुन्या साथीदारांचा मेळावा. शेवटच्या फेरीचा बॉयलर सूट, म्हणजे तो गळ्यापासून पायापर्यंतचा एकसंध कामाचा पोशाख, त्याने आठवण म्हणून न धुता मानपाड्याच्या ट्रंकेत ठेवलेला, तो त्याला घालून जायचा होता.

सून संचिता पाच महिन्यांची गरोदर. ती म्हणाली, "बाबा, तो सूट घरात नको ना. आई त्यानेच गेल्या."

"मी आयुष्यभर घातला, मला काय झालं? रात्री आणतो, तेवढा धुऊन दे."

शुक्रवारी मानपाड्याच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे रस्ता सामसूम. नऊच्या सुमारास तो रिक्षातून उतरला, कुलूप काढून आत गेला. वीज कधीच तोडलेली. मोबाईलच्या उजेडात त्याने ट्रंक उघडली.

रिकामी.

गॅलरीतून आवाज आला.

फट्…

कपडा झटकल्याचा.

फट्… फट्…

पदर खोचून कुणीतरी पाठमोरं उभं होतं. हातात सूट. पांढरी पूड घरात येत होती. महिपतने ती पाठ ओळखली, तरी जुनी सवय जाते कुठे?

"गंगू… दे तो इकडे."

हात थांबले. ती वळली नाही.

"कुणाला धुवायला देणार?"

महिपत एक पाऊल मागे सरला.

"त्या पोरीला?"

…

मोबाईल विझला. पूड नाकात गेली. तोंडात गेली. श्वास घेता येईना. कुणीतरी त्याचा हात धरून बाहीत घातला. गार बोटं. मग दुसरा हात…

"आता काढायचा नाही."

सकाळी शेजारचा मारुती उघडं दार बघून आत गेला. महिपत गॅलरीत पडलेला. जिवंत होता, खोकत होता. अंगात सूट. मारुतीने बटणं काढायला हात घातला, तर बटणं नव्हतीच. सूट गळ्यापासून खालपर्यंत बारीक टाक्यांनी शिवून टाकलेला. कात्रीने उसवावा लागला. मारुती मला हे सांगताना मध्येच थांबला. पाणी प्यायला. म्हणाला, प्रभाकरदादा, सगळ्या गाठी…

आतल्या बाजूने, त्याच्या अंगालगत मारलेल्या होत्या.