पियेनमामाची गाठ

कुणाला घाबरवायला मी हे सांगत नाहीये. ज्याच्याबरोबर घडलं तो माझा सख्खा मामा. त्याला थाप मारता येत नाही, मारली की कान लाल होतात.

आठ वर्षांपूर्वीचा डिसेंबर. मंगळवार. रात्र नव्हती... चांगली भर दुपार होती. जागा म्हणजे क्युबेकच्या उत्तरेला, आमच्या इनू आदिवासींच्या वस्तीमागचं लांब तळं.

त्याच्या वर्षभर आधी त्या तळ्याने पियेनमामाच्या धाकट्या भावाला, शुशेपला, गिळलं होतं.

आमच्यात पोरगं चालायला लागलं की शिकवतात, दाट झाडीत गोल स्नोशू घालायचे, उघड्यावर लांब. स्नोशू म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या, जाळी विणलेल्या लाकडी चौकटी. आणि तळ्यावर उतरण्याआधी त्यांच्या वाद्या सैल सोडायच्या. बर्फ फुटला तर पाय निसटला पाहिजे. नाहीतर ती जाळीच माणसाला खाली ओढते.

शुशेप बुडाला त्या दिवशी त्याची बोटं गारठली होती. वाद्या पियेनने बांधल्या. काठावर, घाईघाईत, करकचून. दुहेरी गाठ मारून.

शुशेप सापडला नाही. त्याचे स्नोशूही नाहीत.

पियेन रडला नाही. जेवायचा, लाकडं फोडायचा, झोपायचा. आत सगळं बधिर. त्याला मरायचं नव्हतं, पण जगायचंही काही पडलं नव्हतं.

त्या मंगळवारी तो तळ्यापलीकडे सशांचे फासे बघायला निघाला.

"काठाने जा," निशापेतमामी म्हणाली.

"दोन तास जास्त लागतात."

"मग लागू देत की! तुला कुठे लग्नाला जायचंय, म्हाताऱ्या?"

तो हसला नाही. वाद्या बांधल्या. घट्ट. दुहेरी गाठ. मामीने ते पाहिलं.

झाडी संपता संपता त्याचा उजवा पाय सटकला. वादी सुटली होती.

त्याने पुन्हा बांधली.

दहा पावलांवर... डावी सुटली.

तीही बांधली. दातांनी ओढून.

तळ्यावर उतरला तेव्हा वारा पडला होता. फक्त त्याच्या पावलांचा आवाज. चर्र... चर्र...

आणि मागे... आणखी एक.

तो थांबला. तो आवाजही थांबला.

वळून पाहिलं. पांढऱ्या बर्फावर एकट्या त्याच्याच खुणा.

मग खाली पाहिलं. दोन्ही वाद्या सुटलेल्या होत्या. नुसत्या सुटलेल्या नाहीत, कुणीतरी सावकाश सोडून दोन्ही बाजूंना सरळ मांडून ठेवाव्यात तशा.

"शुशेप, पुरे आता," तो म्हणाला. भीती वाटली नाही, राग आला. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं.

रागाच्या भरात त्याने वाद्या बांधल्याच नाहीत. तसाच पाय ओढत चालला.

वीस पावलं झाली असतील.

कड्...

बर्फ फुटला. छातीपर्यंत पाणी. पाय निसटले... दोन्ही. स्नोशू पाण्यात गेले. कोपरं टेकत, सुरी बर्फात रुतवत तो बाहेर आला आणि रांगत घरी पोचला. मामीने चुलीपाशी घोंगड्यांत गुंडाळून त्याला शिव्या घालत घालत चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी दोघं काठावर गेली. रात्रीत बर्फ पडला नव्हता.

तंबूबाहेर आम्ही उभे रोवतो, तसे स्नोशू काठावर उभे होते. पियेनचे.

शेजारी आणखी एक जोड... बर्फाने मढलेला.

आजूबाजूला एकही पाऊल नाही.

मामीने हाताने बर्फ पुसला. ती जाळी तिनेच विणली होती, शुशेपसाठी. वाद्या अजून बांधलेल्या होत्या. घट्ट. दुहेरी गाठ.

पाय मात्र आत नव्हते.

तो जोड मामाच्या घरी चुलीच्या वर टांगलेला आहे. त्याच्या बोटांची जाणीव त्या दिवसापासून गेली, ती आलीच नाही. तरी रोज संध्याकाळी तो जोड मांडीवर घेतो आणि गाठ चाचपतो.

गेल्या महिन्यात मला म्हणाला, "पोरी, माझ्याने सुटत नाही गं. तू बघ जरा."

आठ वर्षं चुलीवर टांगलेली वादी. मी हात लावला.

ओली होती... आणि बर्फासारखी गार.

मी गाठ सोडली नाही. जोड तसाच त्याच्या मांडीवर ठेवला.